कोऱ्या रोलचा राग

नौपाड्याच्या सूनबाई,

तुमचं चार पानी पत्र मिळालं. बाकीच्या वाचकांना थोडक्यात सांगते. यांची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली आहे आणि महिनाअखेरीला घोडबंदर रोडच्या भाड्याच्या घरात जायचंय. माळा रिकामा करताना सासऱ्यांचा जुना, फिल्मच्या रोलवर चालणारा यशिका कॅमेरा निघाला. वय वर्षं 74 असलेले सासरे म्हणाले, ‘द्या तो भंगारवाल्याला.’ 19 वर्षांच्या मुलाने तो पिशवीतून ओढून काढला आणि वर म्हणाला, ‘आजोबा, तुम्हाला वस्तूची किंमतच नाही.’ झालं, पंधरा दिवस दोघांचा अबोला आहे. मुलगा क्लासच्या शिकवणीतून मिळालेले पैसे रोलवर घालवतोय. चूक कोणाची आणि मुलाला अडवू का, असं तुम्ही विचारताय.

तुम्हाला सगळ्यात नवल वाटतंय ते सासऱ्यांचं. भाजीवाल्याला क्यूआर कोड मागणारा, तलावपाळीच्या फेरीत रोज सेल्फी काढून ग्रुपवर टाकणारा हा माणूस. जुन्याचा सोस म्हाताऱ्यांना असतो असं आपण धरून चालतो, आणि तुमच्याकडे तो नातवाला आहे. पण हा सोस वयावर ठरत नाही. पहिला डिजिटल कॅमेरा 1975 साली रोल विकणाऱ्या कोडॅक कंपनीतच तयार झाला, स्टीव्ह सॅसन नावाच्या पंचविशीतल्या इंजिनिअरने केला. एक कृष्णधवल फोटो कॅसेटवर साठवायला त्याला 23 सेकंद लागत. कंपनीतल्या वरिष्ठांना त्याचं फार कौतुक नव्हतं, कारण त्यांचं पोट रोलवर चालत होतं. तुमच्या सासऱ्यांचं पोट काही रोलवर नव्हतं. उलट रोलने त्यांचा घातच केला.

तो कसा, हे तुम्हीच लिहिलंय, पण तिसऱ्या पानावर, समासात, बारीक अक्षरात. सासूबाईंच्या धाकट्या भावाच्या लग्नात फोटोग्राफर फक्त मुहूर्तापुरता सांगितला होता. सीमांतपूजन, रुखवत, पंगती असे बाकीचे सगळे फोटो सासऱ्यांनी काढले आणि रोल कोरा निघाला. ‘सासूबाई अजून चेष्टा करतात’, एवढं लिहून तुम्ही पुढे गेलात. मी मात्र तिथेच थांबले.

ज्यांनी रोलचे कॅमेरे वापरले नाहीत त्यांना हे कळायचं नाही. रोलची जीभ समोरच्या चाकीच्या खाचेत नीट अडकली नाही तर रोल पुढे सरकतच नाही. पण कॅमेरा तसं सांगत नाही. खटका वाजतो, फ्लॅश उडतो, आकडा एक एक करून 36 पर्यंत जातो. माणूस खुशीत ‘हसा, हसा’ म्हणत हॉलभर फिरतो. आठवड्याने स्टुडिओवाला काउंटरवर एक नारिंगी पट्टी ठेवतो. काठावर कारखान्यात छापलेले आकडे तेवढे असतात, मध्ये काहीच नाही. ती पट्टी खिशात घालून तुमचे सासरे घरी कसे आले असतील, याचा विचार करा. आणि त्यानंतर तीस वर्षं दर समारंभात, ‘आला का फोटो, की याही वेळी कोरा?’

मोबाइलवर फोटो काढल्या क्षणी दिसतो. त्यांना मोबाइल का आवडतो, हे वेगळं सांगायला नको.

तेव्हा नातवाला या कॅमेऱ्यात जे भारी वाटतं (फोटो आला की नाही ते कळत नाही, थांबावं लागतं), त्याचाच आजोबांनी मार खाल्लाय. आमच्याही घरी गणपतीत घातलेला रोल मे महिन्यात संपायचा. शेवटचे दोन फोटो वाया जाऊ नयेत म्हणून शेजारच्या मांजराला उभं करायचो. मला ते आठवून हसू येतं, कारण आमचा रोल कधी कोरा निघाला नाही.

मुलाला अडवू नका. स्वतःच्या कमाईचे पैसे आहेत, याहून वाईट ठिकाणी जाऊ शकले असते. पण तो किमतीचा टोमणा त्याने परत घ्यायला हवा. लग्नाची गोष्ट त्याला तुम्ही सांगा, त्याला ती ठाऊक नसणार. सासूबाईंशी बोलणं हे तुमचं खरं काम, आणि ते जड आहे. चारचौघांत नको, भाजी निवडताना सांगा की हा विनोद आता पुरे. रागावतील. दोन दिवस रागावू द्या.

‘आजोबा, रोल घालायला शिकवा’ हा गोड उपाय मुलाला सुचेल. तो करू नका. पुन्हा कोरा निघाला तर? रोल त्याने स्वतः घालावा, आणि रोल पुढे सरकवायची दांडी ओढताना डावीकडची रिवाइंडची (रोल परत गुंडाळायची) चाकी फिरते का ते बघावं. फिरली म्हणजे रोल सरकतोय.

आजोबांना त्याने कॅमेऱ्यापुढे बसवावं. माळ्यावरचे अल्बम बांधायच्या आधी उघडून बघा. कुटुंबात जो फोटो काढतो तो फोटोत नसतो. ते रोज सेल्फी काढतात यात मला तरी नवल वाटत नाही. जुन्या घरातला, त्यांच्या खिडकीपाशी बसलेला एक फोटो त्या कॅमेऱ्यातून निघावा. नाही म्हणाले तर सोडून द्या.

आता कॅमेऱ्याचं. मागचं झाकण उघडलं की कडेचा काळा फोम डांबरासारखा बोटाला चिकटतो का बघा. चिकटत असेल तर आत उजेड शिरेल, तो बदलून घ्यावा लागेल. झाकण उघडं ठेवून भिंगात पुढून-मागून टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. ठाण्याच्या पावसाळ्यात माळ्यावर राहिलेला कॅमेरा, नसली तरच आश्चर्य. बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या जपून ठेवा, कॅमेऱ्याबरोबर डब्यात टाका. शिफ्टिंगच्या दिवशी डबा टेम्पोत टाकू नका, हातात घ्या.

आणि फ्लॅशचे पेन्सिल सेल आजच काढा. इतकी वर्षं आत राहिले असतील तर हिरवी पूड सुटली असेल.