आधी ते शिलाई मशीन घरी आणा

नमस्कार दादा,

तासगावहून तुम्ही पाठवलेलं पत्र वाचलं. मुलगी बारावी सायन्सला आहे, दहावीला मार्क चांगले होते, तुम्हाला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग हवंय आणि तिने मोबाईलवर पॅरिसच्या शोमधले थ्रीडी प्रिंट केलेले ड्रेस बघितल्यापासून तिच्या डोक्यात तेच आहे. इथपर्यंत काही वावगं नाही. पण मधेच एका ओळीत तुम्ही लिहून गेलाय की सीईटी होईपर्यंत तिच्या आईचं शिलाई मशीन चुलत्यांच्या घरी नेऊन ठेवलंय आणि तेव्हापासून मुलगी तुमच्यात जेवायला बसत नाही. मला मार्कांपेक्षा या ओळीची काळजी वाटते. त्या मशीनवर तिच्या आईच्या ब्लाऊजच्या ऑर्डरी चालायच्या ना, म्हणजे एकीला अभ्यासाला बसवायचं म्हणून दोघींचं काम बंद केलंत, आणि कारण काय तर "पाहुण्यांना सांगून बसलोय". दादा, पाहुणे चार वर्षं त्या वर्गात बसणार नाहीत, तिला बसायचंय. हे चुकलंय तुमचं, स्पष्टच सांगते.

आता तुमचा मुख्य मुद्दा, की टेक्नॉलॉजीच करायची तर सुईदोरा कशाला, आधी इंजिनिअर होऊ दे मग फॅशन बघू. हा गैरसमज भल्याभल्यांचा असतो. २०२२ ला पॅरिसमध्ये कोपर्नी या फॅशन ब्रँडच्या शोमध्ये मॉडेल बेला हदीदच्या अंगावर स्टेजवरच स्प्रे मारून ड्रेस तयार केला, तुमच्या मुलीने नक्की बघितला असेल. फवाऱ्यात बारीक तंतू असतात, अंगावर बसले की द्रव उडून जातो आणि कापड राहतं. पण लोक त्यानंतरचं विसरतात, फवारा थांबल्यावर एक डिझायनर बाई पुढे आल्या, खांद्याचे पट्टे हाताने खाली सरकवले आणि कात्रीने खालचा भाग कापून उंची नि कट बसवला, तेव्हा कुठे तो ड्रेस दिसायला लागला. डिझायनर आयरिस व्हॅन हर्पेन, जिने २०१० ला थ्रीडी प्रिंटेड पोशाख रॅम्पवर आणला, ती नेदरलँड्समध्ये फॅशन शिकली, लंडनला अलेक्झांडर मॅक्वीन या डिझायनरकडे इंटर्न होती, आणि आजही तिच्याकडे लेझरने कापलेले तुकडे माणसं हाताने शिवतात. तुमची द्राक्षबाग आहे म्हणून सांगते, डॉगरिजच्या खुंटाने मूळ धरल्याशिवाय तुम्ही त्यावर कलम भरता का? तसं आहे हे, कापड आणि कटिंग हे मूळ, प्रिंटर नि सॉफ्टवेअर वरचं कलम. क्लो थ्रीडीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये स्क्रीनवर ड्रेस चढवून बघता येतो, पण चुणी का पडली नि पॅटर्न कुठे बदलायचा हे ज्याने शिवलंय त्यालाच लवकर कळतं.

आणि तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय की मावशीचा कटोरी ब्लाऊज मुंढ्यात, म्हणजे बाही जोडतात तिथे, चुण्या पडतात म्हणून तिने रात्री बसून सगळा उसवला आणि परत शिवला. अहो, अख्ख्या पत्रात मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट ही आहे!

परीक्षांचं थोडक्यात: निफ्ट या सरकारी फॅशन संस्थेच्या बी.डेस.ला, म्हणजे डिझाईनच्या पदवीला, बारावी कुठल्याही शाखेची चालते, लेखी परीक्षा आणि मग सिच्युएशन टेस्ट (दिलेल्या साहित्यातून वस्तू बनवून दाखवायची), मुंबईचं कॅम्पस खारघरला. तिथल्याच बी.एफ.टेक.ला, म्हणजे कपडे उत्पादनाच्या तांत्रिक पदवीला, मात्र गणित लागतं, ते तिच्याकडे आहेच. टेक्स्टाईल इंजिनिअरिंगचा विचार असेल तर इचलकरंजीचं डीकेटीई कॉलेज तुमच्या जवळच आहे, एकदा तिघंही जाऊन बघून या. सायन्स वाया जाईल ही भीती सोडा, २०२० ला पॅरिसच्या ओत कुत्यूर वीकमध्ये, म्हणजे मापाने बनवलेल्या खास उंची पोशाखांच्या शोमध्ये, अधिकृत आमंत्रणावरून कलेक्शन दाखवणारे पहिले भारतीय डिझायनर राहुल मिश्रा, ते आधी फिजिक्स शिकले आणि मग अहमदाबादच्या एनआयडी या डिझाईन संस्थेत गेले.

तिलाही एक कडू सांगायचंय. ओत कुत्यूर हे नाव फ्रान्समध्ये कायद्याने राखलेलं आहे, ठरावीक फॅशन कंपन्यांनाच वापरता येतं, एकेक पोशाख गिऱ्हाईकाच्या मापाने बनतो आणि गिऱ्हाईकं मोजकीच. तिथे नोकरीचं स्वप्न धरून कॉलेज निवडू नको बाई. पॅटर्न मेकिंग आणि कापडाचं ज्ञान पक्कं कर, त्याच्यावर पोट भरतं आणि पुढचे दरवाजेही त्यानेच उघडतात. सध्या रोज तासभर मांजरपाटावर काम कर, बाकी वेळ बोर्डाचा अभ्यास, तो टाळायचा नाही.

तर दादा, या रविवारी मशीन घरी आणा. पुढचं पत्र तिला स्वतःला लिहू दे, आणि तिने शिवलेल्या चार-पाच गोष्टींचे फोटो पाठवायला सांगा, आतली शिलाई दिसेल असे उलट्या बाजूचे पण. ते बघून निफ्ट का डीकेटीई ते मी नीट सांगू शकेन.