यादवांच्या चुलीवर मिरची

लेकरा, ऐतिहासिक नि अद्भुत प्रेमकादंबऱ्या वाचायच्यात ना? मग १८७१ च्या ‘मोचनगड’पासून सुरुवात नको. मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी, मान आहेच. पण त्या भाषेत दोन पानांतच पेंगशील. आजची घे.

मी परवा एक वाचली. यादवांच्या काळातली देवगिरी, आणि नायिका ठेच्यासाठी हिरव्या मिरच्या भाजतेय. आता बोला! मिरची पोर्तुगीजांनी आणली, यादव बुडाल्यावर जवळपास दोनशे वर्षांनी. पुस्तक तिथंच मिटलं. प्रेम थोडं खोटं चालवून घेते मी, भाकरीसोबतचं तोंडी लावणं नाही.

अद्भुत कादंबरीत उलटं, तिथं अशक्यही चालतं. राजकन्येची साळुंकी झाली, होऊ दे. पण आधी मुकी असलेल्या साळुंकीला ऐन लग्नाच्या वेळी वाचा फुटली, तर समज, लेखक थकलाय.

शेवटचं पान आधी वाचू नकोस. मी वाचते, ते सोड.