घरी राहून दारूचे उपचार: तुमच्या पोस्टमधल्या शेवटच्या ओळीबद्दल

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. नवरा ३६ वर्षांचा, नाशिकच्या सातपूरला सीएनसी मशीनवर, रोजची क्वार्टर आता हाफवर गेलेली, झोप नाही, मधूनमधून "जगून तरी काय करायचंय" असं बोलणं. एका व्यसनमुक्ती केंद्राने फोनवरच तीन महिने ॲडमिट करा म्हणून सांगितलं, तर मानसोपचारतज्ज्ञ म्हणाले, घरी राहू दे, कामावर जाऊ दे, आठवड्यातून तीन संध्याकाळी येत जा. तुम्ही विचारलंय की घरी राहून खरंच होतं का.

होतं. आमचं झालं. पण मी लिहायला बसले ती तुमच्या शेवटच्या ओळीमुळे. "घरीच असल्यामुळे सासूबाईंना आणि नातेवाइकांना काही सांगायची गरज नाही, हा एक फायदा." अगदी हाच फायदा बघून मीही घरचा पर्याय निवडला होता, आणि सगळ्यात महाग मला तोच पडला.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. सिडकोत शिकवण्या घेते. जे लिहितेय ते आमच्या घरातलं आहे, तुमच्या डॉक्टरांचं म्हणणं वेगळं असेल तर त्यांचं ऐका. दारू हा आजार आहे, शपथा घालून सुटत नाही वगैरे तुम्हाला माहीत असणारच, ते सोडून देते.

दोन गोष्टी मात्र सोडवत नाहीत. पहिली, ते "जगून काय करायचंय" हे डॉक्टरांना त्याच शब्दांत सांगा, "जरा उदास असतात" असं गुळमुळीत नको. आणि पुढच्या भेटीपर्यंत थांबू नका, आजच फोन करा. रात्री-अपरात्री घाबरायला झालं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, मराठीत बोलतात. दुसरी, दारू एकदम बंद करताना यापूर्वी कधी फिट आली असेल, भास झाले असतील, तर पहिले काही दिवस ॲडमिटच करा, घरचा हट्ट धरू नका. फिट बहुतेक पहिल्या दोन दिवसांत येते आणि भ्रम, घाम, थरथर हे दुसऱ्या ते चौथ्या दिवसात वाढतं. "सोमवारपासून बंद" असं घरच्या घरी ठरवणं शौर्याचं वाटतं, पण त्यात माणसं दगावतात. आमच्याकडे ह्यांना पूर्वी असं काही झालेलं नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी घरी परवानगी दिली. उतरत्या क्रमाने गोळ्या, बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं, आणि पहिला आठवडा रोज जाऊन बीपी-नाडी दाखवायची.

आता आमचं. २०१९ ची गोष्ट. हे अंबडला एका कंपनीत मेंटेनन्सला. गंगापूर रोडला सोमवार, बुधवार, शुक्रवार संध्याकाळी ६ ते ९ असं बारा आठवडे. एक तास ग्रुप, मग काउन्सेलरबरोबर एकट्याने, मग पुढच्या तीन दिवसांचं लेखी नियोजन: पगार कुठल्या तारखेला, कुणाचं लग्न, कुठल्या रस्त्याने घरी यायचं. बुधवारी घरच्यांचं सेशन. मंगळवार-गुरुवार एएची (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) मिटिंग. अमेरिकेत अशा उपचारांना आठवड्याला किमान ९ तासांचं माप लावतात, आमचेही बरोबर तितकेच भरत होते. तुमच्या डॉक्टरांकडे असं बांधलेलं वेळापत्रक नसेल तर ओपीडी, काउन्सेलर आणि एए मिळून तुम्हीच जुळवा. महिन्यातून एकदा जाऊन गोळ्या आणणं म्हणजे "घरी राहून उपचार" नव्हे, हे माझं ठाम मत आहे.

डिटॉक्स, म्हणजे दारू बंद केल्यानंतरचे ते पहिले दिवस, संपल्यावर लिव्हरच्या तपासण्या करून डॉक्टरांनी डायसल्फिराम सुरू केली. ह्यांना समोर बसवून सगळं समजावलं, सही घेतली. दारू शरीरात मोडताना मधल्या पायरीवर ॲसिटाल्डिहाइड नावाचं विषारी द्रव्य तयार होतं, ही गोळी त्याला पुढे मोडू देत नाही. ते साठतं आणि माणूस आडवा होतो. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंतही हे होऊ शकतं. खोकल्याच्या काही औषधांत अल्कोहोल असतं, तेही चालत नाही. (पेपरात "रुग्णाला न कळता दारू सोडवा" अशा जाहिराती येतात ना, त्यातली पावडर चुकूनही आणू नका. अशी गोळी न सांगता चहात घालणं म्हणजे जिवाशी खेळ आहे.)

घरात सासूबाई, दोन मुलं. मी सगळ्यांना सांगितलं, ह्यांना बीपी निघालाय. तीन संध्याकाळी कुठे जातात? बीपीसाठी योगा. पट्टीवरचं नाव कुणी वाचू नये म्हणून गोळ्या सुट्या करून बडीशेपेच्या रिकाम्या डबीत भरल्या. किती हुशार वाटलं होतं मला ते! बुधवारच्या सेशनला काउन्सेलर दर वेळी विचारायच्या, "घरातलं अजून कुणी येणार आहे का?" मी म्हणायची, "सासूबाईंचे गुडघे दुखतात."

ॲडमिट केलं असतं तर हे लपलंच नसतं. तीन महिने माणूस घरात नाही म्हटल्यावर काहीतरी सांगावंच लागतं. घरी राहून करताना मात्र लपवता येतं, आणि येतं म्हणून आपण लपवतो.

पाचव्या आठवड्यात, मार्चमध्ये, दिंडोरीकडे ह्यांच्या मामांच्या बागेतल्या द्राक्षांचा सौदा चांगला झाला म्हणून मटणाचा बेत होता. मी आत भाकऱ्यांवर. बाहेर शेडमध्ये पुरुष. कुणीतरी वाइनच्या दोन बाटल्या आणलेल्या. हे म्हणाले, "मला नको, बीपी आहे." त्यावर मामा म्हणाले, "अरे मग तर घेच, वाइन हृदयाला चांगली. आपल्या द्राक्षाची आहे, दारू थोडीच आहे!" (मामांचा माल थॉमसन, खायचा. वाइनची द्राक्षं वेगळी असतात. पण त्या वेळी हे कोण सांगत बसणार?) ह्यांच्याकडे नाही म्हणायला मी दिलेलं एकच कारण होतं आणि ते एका वाक्यात निकालात निघालं. स्टीलच्या पेल्यात अर्धा पेला घेतला. हे नंतर म्हणाले, गोळीची आठवण होती, पण एवढ्याशा वाइनने काय होतंय असं वाटलं. साधारण १२-१३ टक्के अल्कोहोल असतं वाइनमध्ये.

दहा-पंधरा मिनिटांत चेहरा लालबुंद, डोळे तांबारलेले, छाती धडधडतेय, उलट्या. सगळे म्हणाले ऊन लागलं, पित्त झालं, कांदा हुंगवा. गाडीत घालून नाशिकला आणलं तेव्हा कॅज्युअल्टीत बीपी ८०/५०. डॉक्टरांनी विचारलं, औषधं काय चालू आहेत? सासूबाईंनी माझ्या पर्समधून ती डबी काढून त्यांच्या हातात दिली. "ही बघा बीपीची गोळी, रोज घेतो." डॉक्टरांनी झाकण उघडलं, आत पांढऱ्या सुट्या गोळ्या, तळाला बडीशेपेचे चार दाणे चिकटलेले. नाव नाही, काही नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, "कुठली गोळी आहे ही? बीपीची जास्त झाली का?"

आणि ताई, मी गप्प उभी राहिले. मागे मामा, मामी, दोन दीर, जाऊ. मिनिटभर असेल, दोन मिनिटं असतील. माझा नवरा समोर पांढराफटक पडलाय आणि मी हिशेब करतेय की आता काय म्हणतील. नंतर मी डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगितलं. सलाइन, ऑक्सिजन, दोन रात्री तिथे काढल्या आणि हे सुखरूप घरी आले. पण ती दोन मिनिटं मी अजून विसरलेले नाही.

सासूबाईंना मी तिथल्या बाहेरच्या बाकावर सांगितलं. त्यांना पिण्याचं वाईट वाटलं नाही, ते त्या ओळखून होत्या. राग आला तो डबीचा. "मला खोटं बोलायला लावलंस, तेही डॉक्टरापुढे." आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. मग एक दिवस सकाळी सात वाजता ह्यांच्या चहाबरोबर गोळी त्यांनीच पुढे ठेवली, गिळेपर्यंत समोर उभ्या राहिल्या आणि कालनिर्णयवर त्या तारखेला पेनाने टिक केली. ही गोळी कुणाच्या देखरेखीत घेतली तरच नीट काम करते, असं डॉक्टर पहिल्या दिवसापासून सांगत होते. मी दिली की ह्यांना पोलीस वाटायचे, भांडणं व्हायची. आईने दिली तर मुकाट्याने घ्यायचे. मामांनाही त्यांनीच फोन केला. "माझ्या पोराला डॉक्टरने बंद केलीय. पुढच्या वेळी ताटाजवळ आणलीत तर मी उठून जाईन." विषय संपला. माझ्या पाच आठवड्यांच्या कसरतीला जे जमलं नाही ते त्या फोनने झालं.

तर कुणाला सांगायचं? अख्ख्या कॉलनीला नाही. मी मोजमाप असं लावते, की ज्यांच्या हातून त्यांच्या हातात ग्लास येऊ शकतो आणि ज्यांच्या चुलीवरचं ते जेवतात, त्या सगळ्यांना. कामावर एकाच माणसाला, शक्यतो जो शिफ्ट लावतो त्याला, कारण सेकंड शिफ्ट आली की तुमच्या तीनही संध्याकाळी गेल्या. डॉक्टरांच्या चिठ्ठीत आजाराचं नाव नको, "उपचार सुरू आहेत, फर्स्ट शिफ्ट द्यावी" एवढं पुरतं. पगारातून ईएसआय (कामगार विमा) कापत असेल तर आजारपणाच्या रजेचा ७० टक्के भत्ता वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळू शकतो, त्याची चौकशी करून ठेवा.

विम्यावर मात्र भिस्त ठेवू नका. इथे माझं डोकं अजून तापतं. आमच्या त्या दोन रात्रींचा क्लेम "दारूशी संबंधित" म्हणून परत आला, आणि संध्याकाळच्या उपचारांचा तर घेतलाच नाही, कारण २४ तास ॲडमिशन नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा म्हणतो की मानसिक आजाराला इतर आजारांसारखाच विमा द्यायचा, आणि त्याच कायद्याच्या व्याख्येत दारू-ड्रग्जमुळे होणाऱ्या मानसिक अवस्थाही धरलेल्या आहेत. पॉलिसीच्या वगळलेल्या यादीत मात्र व्यसनाचे उपचार ठळक छापलेले. मी तीन पत्रं लिहिली. तिन्हींना एकच छापील उत्तर, तारीख तेवढी वेगळी. डिप्रेशनचे कागद वेगळे ठेवा, त्यात काही हाती लागलं तर बघा.

डिप्रेशनवरून आठवलं. आमच्या डॉक्टरांनी त्याची गोळी लगेच दिली नाही, तीन-चार आठवडे दारूशिवाय जाऊ देत म्हणाले, कारण निम्मी उदासी दारूचीच असते आणि ती उतरते. ह्यांची पूर्ण उतरली नाही, मग दिली. पण तुमच्याकडे ते मरणाचं बोलणं आहे, त्यामुळे थांबायचं की नाही हे तुमच्या डॉक्टरांवर सोडा. झोप मात्र काही महिने धड लागत नाही, त्याला घाबरू नका. झोपेच्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणू नका, एक सोडून दुसरं लागतं.

आणि "आमची गाडी येऊन घेऊन जाते, पेशंटला सांगायची गरज नाही" असं फोनवर म्हणणाऱ्या केंद्रांपासून लांब राहा. मीही एकदा तिथवर गेले होते, त्यावर कधीतरी वेगळं लिहीन. ॲडमिट करणं वाईट नाही, कित्येकांना तेच लागतं. पण पेशंटला न बघता फोनवर ९० दिवस सांगणाऱ्याला तुमच्या नवऱ्याचं काय कळलं?

एवढं होऊनही सगळं सरळ झालं असं नाही. मे २०२० मध्ये दारूची दुकानं उघडली तेव्हाच्या रांगेत हेही उभे होते. चार दिवस गेले त्यात. त्या वेळी मात्र मला काही लपवावं लागलं नाही. सासूबाईंनीच काउन्सेलरना फोन लावून दिला. २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन विकायचा निर्णय झाला आणि टीव्हीवर "वाइन म्हणजे दारू नव्हे" सुरू झालं, तेव्हा हे न बोलता उठले आणि चॅनल बदललं.

सासूबाईंना कसं सांगायचं हे अवघड वाटत असेल तर एकट्याने सांगू नका. घरच्यांच्या सेशनला त्यांना घेऊन जा. गुडघे दुखत असतील तर रिक्षाने न्या. निम्मं काउन्सेलरच सांगतात. ह्यांची मिटिंग असते त्याच वेळी घरच्यांसाठी अल-अनॉनची असते का तेही विचारा. मी वर्षभर उशिरा गेले.

आणि कुठलीही गोळी सुरू झाली की ती तिच्या पट्टीतच ठेवा. नाव, डोस आणि डॉक्टरांचा नंबर एका चिठ्ठीवर लिहून ती त्यांच्या पाकिटात आणि एक प्रत सासूबाईंकडे द्या. बाकी काही विचारायचं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, शिकवण्या आठला संपतात, त्यानंतर बघते.