वजन कमी करण्यासाठी जठर लहान करायचं स्लीव्हचं ऑपरेशन सहा आठवड्यांवर आलंय. तयारी काय करू, आणि नंतर एकत्र कुटुंबात कसं निभावू?

ताई, तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: वय ३६, उंची ५ फूट २ इंच, वजन १०८, राहणं बडोद्यात, घर एकत्र, स्वयंपाक तुमच्याच गळ्यात, आणि सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. मीही बडोद्याचाच, दांडिया बाजारातला. मकरपुरा जीआयडीसीत एका कारखान्यात हिशेब बघतो. चार वर्षांपूर्वी माझं स्लीव्ह झालं तेव्हा वय ४७ होतं, वजन १२४ किलो. सगळ्यात खाली ८८ पर्यंत आलो, आज ९२ आहे. हे वरचे चार किलो मुद्दाम सांगतोय, कारण फोटो टाकणारे ते सांगत नाहीत. मी डॉक्टर नाही, औषधांचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

प्रत्यक्ष ऑपरेशनबद्दल फार लिहीत नाही. दुर्बिणीतून होतं, त्याच संध्याकाळी धरून चालवतात (पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून), मला तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. अवघड भाग घरी आल्यावर सुरू होतो, आणि त्याची तयारी या सहा आठवड्यांतच करावी लागते. मी ती केली नव्हती.

स्लीव्हमध्ये जठराचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग कापून काढून टाकतात. उरते ती केळ्याच्या आकाराची नळी. वरचा फुगीर भाग जातो, आणि भूक लावणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः तिथेच तयार होतं. त्यामुळे पहिले दोन-तीन महिने मला भूक अशी लागलीच नाही. आणि तरीही संध्याकाळी साडेपाचला ऑफिसातून आलो की पाय आपोआप भाकरवडीच्या डब्याकडे जायचे. पोट गप्प, हात मात्र डब्यावर! तेव्हा लक्षात आलं की इतकी वर्षं मी भुकेसाठी खातच नव्हतो. साहेब बोलले, खा लिलो चिवडो. मार्च एंडिंगचा ताळा जुळला, खा सेवउसळ. जुळला नाही, तरी सेवउसळ. ती जागा ऑपरेशनने भरत नाही, उलट उघडी पडते. म्हणून आजपासून एक वही घ्या आणि काय खाल्लं यापेक्षा कधी आणि कशामुळे खाल्लं ते लिहा. साडेपाचला मी आता कमाटीबागेत एक चक्कर मारतो. सुरुवातीला तिथेही शेंगदाणेवाल्याला टाळून वाट काढावी लागायची, ते वेगळं.

दुसरं, जेवणाची रीत आत्ताच बदला. जेवताना पाणी किंवा ताक नाही, जेवणानंतर अर्धा तास थांबून. घास छोटा, पार पातळ होईपर्यंत चावायचा, जेवणाला वीस-पंचवीस मिनिटं द्यायची. वाचायला सोपं वाटतं. मी जेवताना तीन पेले ताक रिचवणारा माणूस, माझा हात महिनाभर पेला शोधत होता. पोट कापल्यावर ही सवय लावायला गेलं तर प्रत्येक चूक उलटीने कळते. आधी लावली तर फुकटात लागते.

ऑपरेशनच्या आधी साधारण दोन आठवडे कमी कॅलरीचा, भरपूर प्रथिनांचा, बहुतेक पातळ आहार देतात. मला वाटलं, उपासाची शिक्षा आहे. खरं कारण यकृत. चरबीने सुजलेलं यकृत जठरावर पसरलेलं असतं, ते उचलून धरल्याशिवाय सर्जनला जठर दिसत नाही. या आहाराने ते आक्रसतं. या दिवसांत चोरून खाल्लेला फाफडा सर्जनला टेबलावर कळतो, असं माझ्या आहारतज्ज्ञ बाई हसत सांगायच्या. एंडोस्कोपीत माझ्या पोटात हेलिकोबॅक्टर हा जंतू निघाला, त्याचा चौदा दिवसांचा कोर्स आधी पुरा केला. घोरणं आणि दिवसा झोप येणं असेल तर झोपेची तपासणी टाळू नका. मला झोपेत श्वास अडकण्याचा त्रास निघाला, ऑपरेशनपर्यंत रात्री नाकाला मशीन लावून झोपलो. आणि मावा, म्हणजे तंबाखू-सुपारीचा! गुजरातेत राहून मावा न खाणारा हिशेबनीस दुर्मिळ. तो सहा आठवडे आधी सुटला, परत धरलेला नाही. जुनी आम्लपित्ताची तक्रार असेल तर सर्जनशी स्पष्ट बोला. स्लीव्हनंतर ती वाढू शकते, अशा वेळी बायपास (जठराचा लहान कप्पा करून तो थेट आतड्याला जोडायचं ऑपरेशन) बरं का, हे आत्ताच ठरवायला हवं, कारण कापलेलं जठर परत शिवता येत नाही.

घरी आल्यावर काय खायचं याचा तक्ता तुम्हाला मिळेलच: आधी नितळ पातळ, मग दोन आठवड्यांपर्यंत दूध-ताक-वरणाचं पाणी, मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ, आणि दीड-दोन महिन्यांनी नेहमीचं. त्या तक्त्यात वाटी किती मोठी ते मात्र लिहिलेलं नसतं. आमच्या घरातली सगळ्यात लहान वाटी देवघरात होती, नैवेद्याची. चार-पाच चमचे मावतात. मी ती मागितली तेव्हा आईने कानावर हात ठेवले. देवाची वाटी उष्टी करणार का? मग दोन दिवसांनी आईच तशी नवी वाटी बाजारातून घेऊन आली. माझं पुढचे तीन महिने जेवण म्हणजे तेवढंच, दिवसातून पाच-सहा वेळा. तुम्ही आजच अशी वाटी आणि लहान मुलांचा चमचा आणून ठेवा.

त्या वाटीत आधी प्रथिनं. दिवसाला निदान ६० ग्रॅम गाठायला सांगतात, आणि शाकाहारी माणसाची इथे कसोटी लागते. एका अंड्यात ६ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये साधारण १८. वरण पातळ केलं की त्यातली प्रथिनं पाण्यात पसरतात, म्हणजे वाटी भरते पण आकडा भरत नाही. म्हणून घट्ट मुगाचं वरण, बिनसाखरेचा चक्का, आणि सुरुवातीला पावडर लागतेच. ती कितीही नकोशी वाटली तरी घ्या, पण चार चवींची छोटी पाकिटं आणून आधी चाखा. मी व्हॅनिलाचा मोठा डबा आणला आणि तो नंतर मुलाच्या जिमच्या दोस्तांनी संपवला. आणि आपल्या बडोदेकरांच्या आमटीत गूळ सढळ असतो, तुमच्या वाटीपुरती आमटी गूळ घालण्याआधी काढून ठेवा.

आता माझ्या चुका. माझं ऑपरेशन एप्रिलमध्ये झालं, कारण मार्च एंडिंग सोडून जाणं शक्य नव्हतं. बडोद्यातला मे महिना आणि एका वेळी एकच घोट पाणी, हे गणित जमेना. दहाव्या-बाराव्या दिवशी चक्कर, लघवी गडद, शेवटी सलाइन लावावं लागलं. त्यानंतर गळ्यात बाटली अडकवून दर पाच-दहा मिनिटांनी एक घोट. मोबाइलवर घंटा लावली होती, ऑफिसात सगळे वैतागले. दुसरी चूक बीपीच्या गोळीची. मधुमेहाच्या गोळ्या डॉक्टरांनी पहिल्या काही आठवड्यांतच थांबवल्या, बीपीची मात्र मी "बरीच वर्षं घेतोय, राहू दे" म्हणून न विचारता जुन्याच मापात घेत राहिलो. एकदा आंघोळ करून उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि बादलीचा काठ धरून बसलो. वजन उतरताना या गोळ्यांचं माप वरचेवर बदलतं, घरी मोजत राहा आणि फोन करा.

तिसरी चूक २६व्या दिवशी, पुतण्याच्या मुंजीत. मिक्सरचं खाणं चालू होतं, पण मामींनी ताटात पुरीचा एक तुकडा आणि बासुंदी ठेवली आणि समोर उभ्या राहिल्या. एकच घास. तो छातीत अडकला, तोंडात फेसासारखी लाळ दाटली, आणि मंगलाष्टकं चालू असताना मी मोरीत. पुरी, पोळी, मऊ भात आणि कोरडं पनीर हे घट्ट होऊन बसतात, भाकरी मला त्यामानाने लवकर सोसली. जिलेबीची गोष्ट वेगळी. पुढच्या उत्तरायणला गच्चीवर उंधियूबरोबर अर्धी खाल्ली, तर पाऊण तास घाम आणि छातीत धडधड. बायपासवाल्यांना हे जास्त होतं म्हणतात, पण स्लीव्हवालाही सुटत नाही.

आग्रह हा या सगळ्यातला मोठा भाग आहे. मराठी पंगतीतला आग्रह आणि आपल्या शेजारणींचा "थोडुंक तो लेवुं पडे", दोन्ही बाजूंनी मारा. मला लागू पडलेला उपाय असा: ताट रिकामं ठेवायचं नाही. रिकामं ताट बघून वाढतात. वाटीत दोन चमचे वरण ठेवून ते हळूहळू खात बसायचं. डाएट चालू आहे हे कारण कधी सांगू नका, त्यावर सगळ्यांकडे उत्तर असतं. "पोटाचं ऑपरेशन झालंय" म्हटलं की वाढप्याचा हात थांबतो.

एक गंमत. पंगतीत खाली मांडी घालून बसणं माझं वीस वर्षांपूर्वीच सुटलं होतं, भिंतीकडेला खुर्ची लागायची. पाचव्या महिन्यात गणपतीत मांडी घालून बसता आलं, आणि तेव्हा पानातलं खाण्यासारखं फार काही उरलं नव्हतं. मी सगळ्यांची पानं बघत बसलो. वाईट वाटलं का? हो, वाटलं. त्याबद्दल घरी बोललोही. माझ्या आहारतज्ज्ञ बाईंनी समुपदेशकाकडे दोनदा पाठवलं, मी कुरकुरत गेलो, पण तुम्ही कुरकुर न करता जा.

बायको शेजारी बसून म्हणतेय, स्वयंपाकाचं लिही, कारण तुम्हाला खरी अडचण तीच. तिचं म्हणणं: दोन आठवडे फोडणीचा वास असह्य होतो, आणि मीठ बघायला चाखलेला चमचाही मोजला जातो. पहिले सहा आठवडे स्वयंपाक दुसऱ्याने करायचा, पाच लिटरचा कुकर, पाण्याची कळशी, गॅसची बाटली काहीही उचलायचं नाही. हे आधी सगळ्यांसमोर ठरवा. "बघू तेव्हा" म्हणाल तर आठव्या दिवशी पोळ्या तुम्हीच लाटत असाल.

हे मी पुरुष सांगतोय, पण सांगायला हवं: ऑपरेशननंतर १२ ते १८ महिने गरोदरपण टाळायला सांगतात, आणि वजन उतरलं की पाळी नियमित होऊन दिवस राहण्याची शक्यता वाढते. स्त्रीरोगतज्ज्ञांशी आधीच बोला. केस तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात गळतात, प्रथिनं आणि लोह नीट असेल तर बहुतेक परत येतात. माझ्याकडे गळायला फारसं नव्हतंच. तिसऱ्या आठवड्यात काटा हलत नाही, तेव्हा घाबरू नका, जवळपास सगळ्यांचं होतं. आणि चेहरा उतरला की लोक "केम सुकाई गया, बीमार छो?" विचारतात, त्याला उत्तर द्यायची सक्ती नाही.

गोळ्या मात्र जन्मभर: मल्टीव्हिटॅमिन, बी-१२, डी, लोह, कॅल्शियम. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेऊ नका, निदान दोन तासांचं अंतर ठेवा. ठरलेल्या वेळी रक्त तपासा, बरं वाटतंय म्हणून सोडू नका. डोकं-गुडघा दुखला की हाताशी येईल ती वेदनाशामक गोळी हे दिवस संपले, आयब्युप्रोफेन-डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या विचारल्याशिवाय नाहीत. दारूचं आपल्या गुजरातेत काय बोलायचं, पण दमणला जाणाऱ्या मंडळींना कळवा की ती आता फार लवकर चढते. ताप, नाडी जोरात, पोटात किंवा डाव्या खांद्यात वाढतं दुखणं, श्वास लागणं, यातलं काहीही पहिल्या आठवड्यांत झालं तर सकाळची वाट बघू नका. सतत उलट्या होत असतील तर नंतरही थांबायचं नाही, शरीरातलं थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) संपून मेंदूवर परिणाम होतो.

पैशाचं: विमा नियामकाच्या २०१९ च्या नियमांत लठ्ठपणाच्या ऑपरेशनला अटींसह परवानगी आहे, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४० किंवा जास्त, किंवा ३५ आणि सोबत गंभीर आजार. तुमचा ४३ च्या आसपास येतो. पॉलिसीतला प्रतीक्षा काळ बघून पूर्वपरवानगीची कागदपत्रं आत्ताच पाठवा.

आणि सासूबाई. मी आईला ऑपरेशनच्या दोन दिवस आधी सांगितलं होतं, तिने एक रात्र जेवण घेतलं नाही. आधी सांगितलं असतं तर ती रात्र टळली असती. तिला घेऊन आहारतज्ज्ञ बाईंकडे गेलो तेव्हा तिने एकच विचारलं, "याला पुरणपोळी कधी देता येईल?" बाई म्हणाल्या, सहा महिन्यांनी, चतकोर. आई अजून होळीला चतकोर काढून त्या नव्या वाटीवर झाकून ठेवते. मी तो चार घासांत खातो, तिसऱ्या घासालाच पोट भरलेलं असतं, चौथा तिच्याकडे बघत खातो.