आई-वडील सत्तरच्या दशकात इथिओपियात शिक्षक होते. आता तिथे जाऊन त्यांच्या खुणा सापडतील का? त्यांनाही सोबत न्यावं का?

सापडतील, पण घर शोधण्यात दिवस घालवू नका. त्यांचे विद्यार्थी शोधा. ते आज साठी-सत्तरीचे आहेत, म्हणून जायचं तर लवकर जा.

माझे बाबा बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठातून एम.एस्सी. झाले आणि इथिओपियातल्या जिम्मा गावच्या सरकारी शाळेत गणित शिकवायला गेले. सम्राट हाइले सेलासींच्या काळात तिथे भारतातून पुष्कळ शिक्षक नेले जात. त्यात केरळचे खूप, पण आमच्या बडोद्याच्या रावपुऱ्यातूनही बाबांसारखा एखादा जायचा.

निघण्याआधी घरातले जुने कागद काढा आणि त्यांवरची सालं तपासा. इथिओपियाचं कॅलेंडर आपल्यापेक्षा सात-आठ वर्षं मागे आहे, महिने तेरा आणि नवं वर्ष 11 सप्टेंबरच्या सुमारास. बाबांच्या पत्रावर 1964 आहे, म्हणजे आपलं 1971-72. (आमचे एक काका अजून म्हणतात, दादा कॉलेजात असताना नोकरीला लागला कसा?) शाळेच्या दप्तरात काही शोधायचं तर तिथलंच साल सांगा. घड्याळाचंही तसंच. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. भेट ठरवताना कोणत्या घड्याळाने ते विचारून घ्या.

गावांची नावंही बदललीत. नाझरेत आता अदामा, देब्रे झेत आता बिशोफ्तू. जिम्मा ज्या काफा प्रांतात होतं तो प्रांतच उरला नाही, आज ते ओरोमियात येतं. आणि आई-वडील अस्मारात असतील तर प्रश्नच वेगळा: 1993 पासून तो भाग इरिट्रिया या वेगळ्या देशात आहे, व्हिसाही निराळा.

शाळेत गेल्यावर बाबांचा जुना फोटो मी ऑफिसात फिरवला. शिपायाने कुणाला तरी फोन लावला आणि एक निवृत्त गृहस्थ काठी टेकत आले. त्यांनी बाबांच्या खडू फेकून मारण्याची नक्कल इतकी हुबेहूब केली की ओळख पटवायला आणखी काही लागलंच नाही. मग घरी नेलं, आपल्यासमोर बिया भाजून कॉफी केली. अशा कॉफीच्या तीन फेऱ्या असतात, पहिलीनंतर उठू नका. खाण्याची चिंता शाकाहाऱ्यांनी करू नये. तिथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचा बुधवारी-शुक्रवारी उपास असतो, त्या दिवशी इंजेरावर (तिथली मोठी, जाळीदार पोळी) डाळी-भाज्या सहज मिळतात. इंजेरा आंबट असतो, आंबोळी आवडणाऱ्याला जड जाणार नाही.

आई-वडिलांना न्यायचं का? माझं मत, पहिल्या खेपेला नको. अदिस अबाबा समुद्रसपाटीपासून 2,300 मीटरहून उंच आहे, चार जिने चढताना दम लागतो. शिवाय इथिओपियाहून भारतात परतताना पिवळ्या तापाच्या लशीचा दाखला मागतात. लस निदान 10 दिवस आधी घ्यावी लागते आणि साठीच्या पुढे तिचा गंभीर त्रास होण्याचा धोका वाढतो, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांचं तिकीट काढू नका. आम्ही बाबांना व्हिडिओ कॉलवर घेतलं. एरवी फोनवर दोन वाक्यं बोलणारा माणूस तिथल्या अम्हारिक भाषेत इतका वेळ बोलला की आई मागून ओरडत होती, जेवण गार होतंय म्हणून.

तुमचं गाव गोंदर, बाहिर दार किंवा देस्सीच्या बाजूचं असेल तर थांबा. अम्हारा भागात 2023 पासून संघर्ष पेटलेला आहे. आधी अदिसच्या भारतीय दूतावासाच्या ताज्या सूचना वाचा, मग तिकिटाचं बघा.