वाऱ्याकडे पाठ केलेलं झाड

तू पाठवलेलं सुरूच्या झाडाचं चित्र पाहिलं. रंग छान आहेत, पण झाड सरळ उभं आहे. किनाऱ्यावर एकटं वाढलेलं झाड असं उभं राहत नाही. खारा वारा समुद्राकडच्या बाजूचे कोवळे कोंब जाळतो, मागच्या बाजूचे तेवढे वाढतात. म्हणून आपल्या कोकणात, पश्चिमेला समुद्र असताना, शेंडा पूर्वेकडे झुकतो. तो झुकाव आधी एका रेषेत पकड, पानांचं नंतर बघू. सुरूची 'पानं' म्हणजे खरं तर बारीक हिरव्या काड्याच. खरी पानं त्यांच्या पेरांवर खवल्यांएवढी असतात. प्रत्येक काडी काढत बसू नकोस. जवळजवळ कोरडा ब्रश खरखरीत कागदावरून वाऱ्याच्या दिशेने ओढ.

कागद जाड, ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) घे, इथे काटकसर नको. काळ्या रंगाची ट्यूब बाजूला ठेव. अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळून जो राखाडी येतो, त्यात पावसाळी आभाळ आणि खोड दोन्ही निघतात.

एकटेपणा दाखवायला झाड लहान काढायची गरज नाही. ते कडेला सरकव आणि ज्या बाजूने वारा येतो ती बाजू मोकळी सोड. तिथे होडी, पक्षी काही घालायचा मोह होईल (मला अजूनही होतो), घालू नकोस.

दर आठवड्याला दिवेआगरच्या किनाऱ्यावर जाणं पुण्यातून जमणार नाही. वेताळ टेकडीवर जा. तिथली झाडं वेगळी, पण उघड्यावर उभ्या झाडाचा तोल तिथेही शिकता येतो. आधी मुळाशी बघ, जमीन कशी धरलीय ते. पुढच्या रविवारी पेन्सिलची पाच रेखाटनं घेऊन ये, रंग नकोत.