एकच प्रकार पकडायची घाई करू नकोस

तुझे चारही फोटो मोठ्या स्क्रीनवर नीट बघितले. कास पठारावरची तेरड्याची फुलं, पालच्या खंडोबाच्या यात्रेत उधळलेला भंडारा म्हणजे हळद, मिरजेच्या सतार कारागिराचे हात आणि येरळवाडीच्या तलावावरचे रोहित म्हणजे फ्लेमिंगो. तू विचारलंयस की दादा सगळे म्हणतात फोटोग्राफीचा एकच प्रकार पकड, मग कुठला पकडू, आणि साठवलेल्या पैशात मॅक्रो (अगदी जवळनं बारीक गोष्टी काढायची लेन्स) घेऊ, पन्नासची प्राईम (झूम नसलेली ५० मिमीची) घेऊ का मोठी टेली (लांबचं जवळ आणणारी). उत्तर लांबणार आहे, पण सवडीने वाच.

माझ्या मते आत्ता प्रकार पकडूच नकोस. कारण तुझ्या चारही फोटोंत दोन गोष्टी सारख्या आहेत आणि त्या दिसल्या त्या तू चार वेगळ्या जागी फोटो काढलेस म्हणूनच, नुसते पक्षी काढत बसली असतीस तर वर्षभर सगळं खापर लेन्सवर फुटलं असतं. पहिली गोष्ट म्हणजे उजेड किती घ्यायचा हे चारही ठिकाणी कॅमेऱ्याने ठरवलंय, आणि दुसरी म्हणजे चारही फोटो उभं राहून, डोळ्याच्या उंचीवरनं काढलेत.

पहिलीबद्दल सांगतो. कॅमेऱ्याला काय कळत नाही की समोर धुकं आहे का भंडारा, तो सगळ्याची सरासरी मधल्या करड्या रंगावर आणून ठेवतो. म्हणून कासचं पांढरं धुकं तुझ्याकडे मळकं आलंय, तिथं एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सोय, अधिक पाऊण ते एक करायचं. रोहितांचंही तेच, मागचं पाणी चकाकत होतं त्यामुळे पक्षी काळवंडले. पालला बरोबर उलटं झालंय, गर्दी सावलीत आणि वर उन्हात उधळलेला भंडारा, कॅमेरा सावली बघून उजेड वाढवतो आणि पिवळा जळून जातो. पिवळ्याची गंमत अशी की साध्या हिस्टोग्रामवर (उजेडाच्या आलेखावर) सगळं ठीक दिसतं पण आतला लाल रंग आधीच जळून गेलेला असतो, त्यामुळे तीन रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम लावून बघायची सवय कर आणि तिथं उणे पाऊण-एक ठेव, रॉ मध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढ. सावली नंतर उचलता येते, जळालेला पिवळा परत येत नाही. म्हणजे धुकं, तलाव आणि यात्रा, दिसायला तीन प्रकार पण धडा एकच.

आता उभं राहण्याचं. कासला तू वाटेवर उभी राहून खाली बघत काढलंस म्हणून तेरड्याचा नुसता गुलाबी पट्टा आलाय. वाटेच्या कडेलाच बस, आत पाऊल टाकायचं नाही, तिथं जांभ्यावर मातीचा थर इतका पातळ आहे की तुडवलेलं लवकर भरून येत नाही, आणि फोटोसाठी फुलांत लोळणारी माणसं बघितली की मला खरंच त्रास होतो. तर बस, तुझ्याकडची ५५-२५० मिमीची झूम पूर्ण २५० वर ने आणि फुलांच्या उंचीवरनं काढ, लांबची फुलं एकमेकांजवळ आल्यासारखी दिसतील आणि तोच पट्टा गालिचा वाटेल. सीतेची आसवं ही फुलं अगदी बारीक, त्यांच्यासाठी मॅक्रो लेन्सच हवी असं नाही, याच लेन्सला एक्स्टेन्शन ट्यूब (कॅमेरा आणि लेन्सच्या मधे बसणारी पोकळ नळी) लाव, खर्च मॅक्रोच्या मानाने किरकोळ. फक्त इतक्या जवळ गेल्यावर फोकसमध्ये काही मिलिमीटरच राहतात आणि वारा सुटला की फूल फोकसच्या बाहेर, त्यामुळे शटर १/५०० सेकंदापेक्षा हळू ठेवू नको आणि एकाच फुलाचे भरपूर फोटो घे.

पालला उन्हाच्या समोर उभी राहा, म्हणजे सूर्य भंडाऱ्याच्या मागे आणि त्याच्याही मागे काहीतरी गडद, दगडी भिंत नाहीतर झाड, मग भंडारा आतनं पेटल्यासारखा दिसतो. १/१००० ला कण थांबतात. तिथं लेन्स बदलायची नाही, कॅमेऱ्याला प्लॅस्टिकची पिशवी, आणि काचेवर बसलेला भंडारा आधी ब्लोअरने उडवायचा, मगच कापड.

रोहितांसाठी ६०० मिमीची लेन्स घेऊन फार काही बदलणार नाही, खरं सांगतोय. दुपारी तापलेल्या हवेतनं लांबचं काढलं की लेन्स कितीही मोठी असू दे, हवा थरथरते आणि पक्षी मऊच येतात. सकाळी लवकर जा, आणि पक्षी लहान आहेत तर लहानच ठेव, पाणी, मागची टेकडी, मधे रोहितांची ओळ. जवळचा मिळावा म्हणून त्यांच्याकडं चालत जाऊन थवा उठवायचा नाही, ती त्यांची चरायची वेळ असते.

सतारीच्या फोटोवर मात्र मी सगळ्यात जास्त थांबलो. हात हलल्यासारखे आलेत कारण तू ५५ मिमीला एफ ५.६ वर होतीस (एफचा आकडा लहान तितकं लेन्सचं भोक मोठं) आणि शटर १/१५. इथं पन्नासची एफ १.८ खरंच कामाची, तीन स्टॉपहून जास्त (एक स्टॉप म्हणजे दुप्पट) उजेड मिळतो, म्हणजे त्याच खोलीत त्याच आयएसओला (सेन्सरच्या संवेदनशीलतेला) १/१५० च्या आसपास शटर. पण लेन्स येण्याआधी जागा बदल. तू दारात उभी होतीस, खिडकी फ्रेममध्ये आली आणि हात अंधारात गेले. खिडकी तुझ्या बाजूला येईल असं बस, कारागिराच्या हाताच्या उंचीवर, मग भोपळ्याचा गोलवा आणि हातावरच्या शिरा तिरक्या उजेडात आपोआप उठून येतील. आणि त्यांना आधी विचार, दुसऱ्यांदा जाताना पहिल्या वेळचे प्रिंट घेऊन जा. फोटो देणाऱ्या माणसासमोर लोक अवघडत नाहीत.

अभिप्रायाबद्दलही तू लिहिलंयस, की सगळे "मस्त", "कडक" म्हणतात आणि पुढं काही नाही. "कसा वाटला" विचारलं की लोक मस्तच म्हणणार. प्रश्न टोकदार विचार, नजर आधी कुठं जाते, कडेचं काय कापू, हा काळोख मुद्दाम वाटतो का चुकल्यासारखा. आणि फोटो दुसऱ्या प्रकारवाल्याला दाखव. पक्षीवाले डोळा शार्प आहे का एवढंच बघतात (त्यांच्या कामात ते बरोबरच आहे), पण यात्रा काढणारा माणूस तुझे रोहित बघून विचारेल की इथं घडतंय काय, आणि फुलं काढणारी बाई सतारीच्या फोटोत मागची प्लॅस्टिकची बादली पहिली दाखवेल. ती बादली आहे बरं का, डाव्या कोपऱ्यात, निळी.

तर पैशाचं असं कर, आत्ता फक्त पन्नासची १.८ घे, जुनी चांगली मिळाली तरी चालेल, फक्त बुरशी आहे का ते काचेतनं टॉर्च मारून बघ. ट्यूब पावसाळ्याच्या तोंडावर घे, कासचा हंगाम ऑगस्ट-सप्टेंबरचा. टेलीचं पुढच्या वर्षी बघू. आणि मिरजेला परत गेलीस की खिडकीच्या बाजूनं काढलेले टाक इथं, निवडून एक नको, सलग आठ-दहा टाक, शटर-आयएसओ लिहून. मी बघतो.